सहा प्रीकूलिंग चेंबर, एकच टच पॅनल: पेज कशी जोडावीत, ग्रुप कुठे करावेत?

अंबडचा_पॅनलवाला

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनलचं वर्कशॉप आहे. वायरिंग, बसबार, स्टार्टर ही आमची रोजची कामं. एचएमआयच्या (म्हणजे टच पॅनलच्या) स्क्रीन आजवर बाहेरून करून घ्यायचो. या वेळी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम आलंय आणि स्क्रीन मीच काढतोय. सहा प्रीकूलिंग चेंबर (साठवणीआधी द्राक्षं गार करायच्या खोल्या), दोन कोल्ड स्टोअर. पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) डेल्टा डीव्हीपी, पॅनल वेनटेकचं दहा इंची, सॉफ्टवेअर इझीबिल्डर प्रो.

विंडो ११ वर चेंबर १ काढलं: इव्हॅपोरेटर, दोन फॅन, दरवाजा, हवेचं तापमान, पल्पचं (फळाच्या आतलं) तापमान, सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान), डिफ्रॉस्टची (साचलेला बर्फ वितळवायची) बटणं. सगळं निवडून ग्रुप केलं आणि कॉपी करून १२ ते १६ वर टाकलं. प्रत्येक पेजच्या तळाशी चेंबर १ ते ६, स्टोअर, अलार्म, मागे अशी बटणांची ओळ. दिसायला छान दिसतं. पण:

कॉपी केलेल्या ग्रुपमध्ये पत्ते जुनेच राहतात. ग्रुप सोडा, एकेक पत्ता बदला, परत ग्रुप करा. त्यात एखादा दिवा ग्रुपबाहेर राहतो आणि पुढच्या वेळी चित्र सरकवलं की तो एकटाच मागे उभा. सिम्युलेशनमध्ये चेंबर ४ चा फॅन दाबला तर चेंबर ३ चा बिट (चालू-बंदचा पत्ता) चालू होतोय.

मालकांनी आता आर्द्रता दाखवायला सांगितलीय आणि खालच्या ओळीत ‘ट्रेंड’चं (तापमानाच्या आलेखाचं) बटण हवंय. म्हणजे सगळ्या पेजवर तेच काम पुन्हा.

डिफ्रॉस्टची चार बटणं फक्त डिफ्रॉस्ट मोडमध्येच दिसावीत असं हवंय. ग्रुप केलाच आहे तर अख्खा ग्रुप एका बिटवर लपवता येईल असं वाटलं होतं, पण तशी सोय मला सापडत नाही.

आणि ‘मागे’ बटण. अलार्म पेजवरून चेंबरवर आलो आणि मागे दाबलं की परत अलार्म. ऑपरेटर म्हणतो, मला मुख्य पानावर जायचंय.

शिवाय मालकांची इच्छा अशी, की अलार्म आला की पॅनलने आपोआप अलार्म पेजवर उडी मारावी. जानेवारीत माल सुरू होईल, त्याआधी ट्रायल द्यायचीय. हे सगळं असंच ढकलत न्यावं की मुळातून वेगळी मांडणी करावी?


डेल्टा_देवळाली

भाऊ, स्क्रीन राहू द्या बाजूला, आधी पीएलसीतल्या रजिस्टरचा (आकडे ठेवायच्या जागांचा) नकाशा टाका. चेंबर १ चं तापमान कुठे, २ चं कुठे? रोग बहुतेक तिथेच आहे.

उडीचं म्हणाल तर सोपं आहे. आम्ही डॉपसॉफ्टमध्ये (डेल्टा पॅनलच्या सॉफ्टवेअरमध्ये) पीएलसीच्या एका रजिस्टरला स्क्रीन नंबर लिहितो, पॅनल त्या स्क्रीनवर जातं. मित्सुबिशीच्या गॉट पॅनलमध्ये बेस स्क्रीन बदलायला मूळ सेटिंगमध्ये जीडी-१०० असतं. वेनटेकमध्येही ‘पीएलसी कंट्रोल’ नावाचा ऑब्जेक्ट आहे, त्यात विंडो बदलण्याचा पर्याय मिळेल.


अंबडचा_पॅनलवाला

पीएलसी प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिलाय. चेंबर १ चं तापमान डी-१००, सेटपॉइंट डी-१०२. चेंबर २ चं डी-१४०, पण सेटपॉइंट डी-१४६. चेंबर ३ थेट डी-३१० वर. ४, ५, ६ नंतर वाढवले, ते जागा मिळेल तिथे बसवलेत. बिटचंही तसंच. फॅनचे काही दिवे मी सरळ वाय आउटपुटवरून घेतलेत.


लॅडरताई_सातपूर

देवळालीकरांनी बरोबर नस पकडली. हा नकाशा आहे तोवर तुम्ही स्क्रीनवर कितीही मेहनत घ्या, चेंबर ४ चा फॅन कुठे ना कुठे ३ ला लागणारच.

मी सातपूरला ऑटोमेशनची कामं करते, त्यात कोल्ड स्टोअर आणि पॅकहाऊसची बरीच. तुमचा प्रश्न लिंक आणि ग्रुप असा आलाय, पण माझं म्हणणं वेगळं आहे. सहा चेंबरसाठी सहा पेज ही कल्पनाच सोडा. चेंबरचं पेज एकच ठेवा. ग्रुपकडून तुम्ही जे काम करून घ्यायला बघताय ते ग्रुपचं कामच नव्हे. ग्रुप म्हणजे काढताना चार वस्तू एकत्र हलवायची, रांगेत लावायची सोय. पॅनल चालू झाल्यावर त्या वस्तूंचं एकमेकींशी नातं काय, हे ग्रुप ठरवत नाही. ते पत्ते ठरवतात.

आधी पीएलसी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चहा पाजा आणि प्रत्येक चेंबरला शंभर-शंभर रजिस्टरचा सलग पट्टा द्यायला सांगा. डीव्हीपीत डी म्हणजे आकड्यांची रजिस्टर, एम म्हणजे बिट. त्यातले डी-१००० ते १९९९ आणि एम-१००० ते १९९९ हे पीएलसीने स्वतःच्या खास कामांसाठी राखलेले आहेत, तिकडे जाऊ नका. डी-२००० पासून सुरू करा: चेंबर १ ला डी-२०००, २ ला डी-२१००, असं करत ६ ला डी-२५००. बिटही तसेच, एम-२००० ते एम-२५००. पट्ट्याच्या आतला क्रम सगळीकडे तोच हवा. हवेचं तापमान पट्ट्यात दहाव्या जागी असेल तर सहाही पट्ट्यांत दहाव्याच जागी. इथे तडजोड केलीत तर पुढचं काहीच चालणार नाही. मात्र एक बघा, या भागातले बरेच पत्ते लाइट गेली तरी आपली किंमत धरून ठेवणारे असतात, आणि ही हद्द मॉडेलप्रमाणे बदलते. मॅन्युअल उघडून तपासा. सेटपॉइंट टिकलेला बरा, पण ‘फॅन चालू’चा हुकूम टिकून राहिला आणि लाइट आल्या आल्या सगळे फॅन एकदम उठले तर जनरेटर बसेल.

वाय आउटपुट पॅनलवर थेट घेऊ नका. डीव्हीपीत एक्स (इनपुट) आणि वाय (आउटपुट) अष्टमान पद्धतीने मोजतात, वाय-७ नंतर वाय-१० येतो, त्यामुळे शंभराची उडी तिथे जमत नाही. पीएलसीतच वायची स्थिती एका एम बिटवर उतरवा आणि पॅनलला तो बिट द्या.

आता पॅनल. इझीबिल्डरमध्ये इंडेक्स रजिस्टर असतात, पॅनलच्या स्वतःच्या मेमरीत (तिचे पत्ते एलडब्ल्यूने सुरू होतात). १६ बिटचे इंडेक्स ० ते १५ हे एलडब्ल्यू-९२०० ते एलडब्ल्यू-९२१५ या पत्त्यांवर बसलेत. ऑब्जेक्टचा पत्ता देताना ‘इंडेक्स रजिस्टर’वर टिक केलीत आणि इंडेक्स ० निवडलात, की लिहिलेल्या पत्त्यात एलडब्ल्यू-९२०० मधला आकडा मिळवला जातो. तुम्ही लिहिलं डी-२०१०, एलडब्ल्यू-९२०० मध्ये आहेत ३००, तर पॅनल वाचतं डी-२३१०. म्हणजे चेंबर ४. विंडो २० वर चेंबरचं एकच पेज काढा, त्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला इंडेक्स ० लावा, झालं. आर्द्रता वाढवायची तर एकाच जागी वाढवायची.

मुख्य पान विंडो १०, पॅनल सुरू झाल्यावर मूळ सेटिंगमध्ये तेच उघडतं. त्यावर आठ टाइल: सहा चेंबर, दोन स्टोअर. टाइलमध्ये फक्त नाव, तापमान, फॅन चालू-बंद आणि अलार्मचा रंग. चेंबरच्या प्रत्येक टाइलवर ‘कॉम्बो बटण’ ठेवा, कारण एका दाबात दोन कामं हवीत: आधी एलडब्ल्यू-९२०० मध्ये ०, १०० किंवा २०० जे असेल ते लिहायचं, मग विंडो २० उघडायची. क्रम हाच ठेवा, विंडो बदलणं शेवटी.

या टाइलना मात्र इंडेक्स लावू नका. मुख्य पानावर सगळी चेंबर एकाच वेळी दिसतात आणि इंडेक्स एका वेळी एकच आकडा धरतो. टाइलचे पत्ते पक्के द्या. ते हाताने बदलत बसायची गरज नाही. पहिली टाइल नीट पूर्ण करा, तिच्यातले ऑब्जेक्ट निवडा आणि ‘मल्टी कॉपी’ वापरा. किती कॉपी, किती अंतरावर आणि दर कॉपीला पत्ता कितीने वाढवायचा, हे तिथे विचारतात. वाढ १०० द्या. कॉपी झाल्यावर प्रत्येक टाइलचा ग्रुप करा, आधी नाही. ग्रुपचा खरा उपयोग इथे आहे. मालक म्हणतात टाइल जरा वर घ्या, मधलं अंतर वाढवा, लोगो बसवायचाय. ग्रुप असला की फ्रेम आणि आकडा बरोबर हलतात. ग्रुप ताणून मोठा करायचा मोह मात्र टाळा. चौकट वाढते, अक्षरं त्याच प्रमाणात वाढतील याचा भरवसा नाही. आकार बदलायचा असेल तर पहिल्या टाइलपासून पुन्हा मल्टी कॉपी करा, कमी वेळ लागतो.

चांगली जमलेली टाइल लायब्ररीत ठेवून द्या. पुढच्या वर्षी वणी-दिंडोरीकडचं काम आलं की तीच उचलायची.

बटणांची ओळ. विंडो ४ ही ‘कॉमन विंडो’. तिच्यावर जे काढाल ते प्रत्येक बेस विंडोवर दिसतं. तळाची ओळ तिथे एकदाच काढा. आणि तिच्यात चेंबर १ ते ६ नकोतच, ते मुख्य पानाच्या टाइलवर आहेत. ओळीत चारच बटणं: मुख्य, अलार्म, ट्रेंड, सेटिंग. मोठी, अंगठ्याने दाबता येतील अशी. काही पानांवर ओळ नको असेल, समजा पासवर्डचं पान, तर कॉमन विंडोऐवजी एक साधी विंडो काढा आणि हव्या त्या पानांना ‘अंडरले’ म्हणून जोडा. एका पानाखाली तीन अंडरलेपर्यंत घेता येतात. अंडरलेवरची वस्तू वरच्या पानातून निवडता येत नाही, ती मूळ विंडो उघडूनच बदलायची. नवीन माणसं इथे अडतात: बटण दिसतंय पण माऊसला लागत नाही म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करतात.

‘मागे’ काढून टाका. मागे म्हणजे कुठे, हे ऑपरेटर कुठून आला त्यावर ठरतं आणि ते त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं. ‘मुख्य’ नेहमी मुख्यवरच जातं. एका चेंबरवरून शेजारच्यावर जायला विंडो २० वर डावा-उजवा बाण ठेवा. ‘सेट वर्ड’मध्ये किंमत वाढवायचा आणि कमी करायचा पर्याय आहे: उजवा बाण एलडब्ल्यू-९२०० मध्ये १०० मिळवेल, वरची मर्यादा ५००, डावा १०० वजा करेल, खालची मर्यादा ०. पान बदलतच नाही, आकडे बदलतात.

डिफ्रॉस्टची बटणं. वेगळी छोटी विंडो काढा, समजा ३१, तिच्यावर ती चार बटणं. विंडो २० वर ‘डायरेक्ट विंडो’ ऑब्जेक्ट ठेवा आणि त्याला डिफ्रॉस्ट मोडचा बिट द्या, इंडेक्ससकट. बिट चालू झाला की ३१ तिथे उघडते, बंद झाला की जाते. त्याच जागी कधी डिफ्रॉस्ट, कधी मॅन्युअल, कधी सेटिंग दाखवायचं असेल तर ‘इनडायरेक्ट विंडो’ घ्या. ती बिटऐवजी वर्डमधला आकडा बघते, ३१ आला तर ३१, ३२ आला तर ३२. छोट्या विंडोची लांबी-रुंदी आणि पानावरच्या चौकटीची लांबी-रुंदी जुळवून घ्या. आणि बटण लपवलं म्हणजे काम सुरक्षित झालं असं समजू नका. डिफ्रॉस्ट चालू असताना फॅन लागू नये ही अट पीएलसीत हवी, पॅनलवर काय दिसतंय याच्याशी तिचा संबंध नाही.

इंडेक्सचे दोन धोके सांगते. ऑपरेटर चेंबर ३ समजून चेंबर ४ चा सेटपॉइंट बदलू शकतो, कारण दोन्ही पानं हुबेहूब दिसतात. म्हणून वर ठळक आकड्यात चेंबर नंबर हवा. तो एलडब्ल्यूवरून काढू नका. पीएलसीत प्रत्येक पट्ट्याच्या पहिल्या रजिस्टरमध्ये त्याचा नंबर लिहून ठेवा, डी-२००० मध्ये १, डी-२१०० मध्ये २, आणि शीर्षकाला डी-२००० अधिक इंडेक्स द्या. मग शीर्षक आणि तापमान एकाच पट्ट्यातून येतात. इंडेक्समध्ये भलताच आकडा गेला तर शीर्षकही भलतंच दिसेल आणि लगेच कळेल.

दुसरा धोका, इव्हेंट लॉग (अलार्मची नोंद) आणि डेटा सॅम्पलिंगला (ट्रेंडसाठी आकड्यांची नोंद) इंडेक्स लावणं. लावलात तर उघड्या असलेल्या चेंबरचाच अलार्म तपासला जाईल, आणि ट्रेंडमध्ये ऑपरेटर जसा फिरेल तशी तीच रेघ वेगवेगळ्या चेंबरचं तापमान दाखवत जाईल. तिथे प्रत्येक चेंबरचे पत्ते पक्के लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचंय.

अलार्मच्या उडीबद्दल देवळालीकरांशी माझं जमत नाही. नंतर लिहिते, ग्राहक आलेत.


गोंदे_बी_शिफ्ट

ताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी सीमेन्सवर काम करतो, तिथे थोडं वेगळं, म्हणून भर टाकतो. टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्ट ट्रीमधून एक स्क्रीन उचलून उघड्या स्क्रीनवर सोडली की तिच्याकडे नेणारं बटण आपोआप तयार होतं, आत ‘अ‍ॅक्टिव्हेटस्क्रीन’ फंक्शन भरलेलं. तळाच्या ओळीसाठी टेम्प्लेट. ग्रुपलाही तिथे अ‍ॅनिमेशन देता येतं आणि ते आतल्या वस्तूंना लागू होतं, म्हणजे ‘ग्रुप लपवता येत नाही’ हे प्रत्येक सॉफ्टवेअरला लागू नाही. तरी परत परत येणाऱ्या चित्रासाठी ग्रुपपेक्षा फेसप्लेट (एकदा काढून अनेक ठिकाणी वापरायचा नमुना) बरं. मूळ फेसप्लेट बदललं की ते वापरलं तिथे सगळीकडे बदल पोचवता येतो, ग्रुपची कॉपी मात्र कॉपीच राहते. फेसप्लेट पॅनलच्या सगळ्या मालिकांत चालत नाही, ऑर्डर देण्याआधी तपासा.

एका स्क्रीनला ३२ लेयर मिळतात. पाइपलाइनचं चित्र एका लेयरवर आणि बटणं दुसऱ्यावर ठेवली, की काम करताना पाइपचा लेयर लपवता येतो आणि चुकून पाइप सरकत नाही. अर्धे ग्रुप लोक याच भीतीपोटी करतात.

आणि पानांची उतरंड कशी असावी यावर आयएसए-१०१ नावाचं मानक आहे, २०१५ चं. चार पातळ्या: सगळ्या प्लांटचा आढावा, मग एकेका विभागाचं नियंत्रण, मग तपशील, मग निदान. ताईंचं मुख्य पान आणि विंडो २० म्हणजे यातल्याच वरच्या पातळ्या, आठ खोल्यांच्या प्लांटला तेवढ्या पुरतात.


बर्फखाना_निफाड

मी प्रोग्रॅमर नाही, ऑपरेटर आहे. रात्रपाळीत हे पॅनल मीच दाबतो (आमच्याकडचं, पिंपळगावचं नाही). म्हणून राहवलं नाही.

आपोआप उडी नको हो. एका ठिकाणी तशी होती. सेटपॉइंटचे आकडे टाकतोय, अर्धे टाकून झालेत, आणि दुसऱ्याच चेंबरचा दरवाजा उघडा राहिला म्हणून पान बदललं. परत या, परत टाका. दरवाजाचा अलार्म तर लोडिंग चालू असताना सारखाच येतो. शेवटी माणसं दरवाजाचा स्विच टेपने बांधून ठेवतात. मालकाला वाटतं उडीने लक्ष जाईल. लक्ष हूटरनेच जातं.

दुसरं, हातमोजे. प्रीकूलिंगमधून बाहेर आलं की मोजे काढावेसे वाटत नाहीत. जुनं रेझिस्टिव्ह टचचं पॅनल मोज्यानेही दाबलं जायचं. नवीन काचेचं कपॅसिटिव्ह साध्या लोकरीच्या मोज्याला दाद देत नाही. तुमचं कुठलं आहे ते बघून घ्या, आणि बटणं एकमेकांना खेटून ठेवू नका. जानेवारीत निफाडला बाहेरच इतकी थंडी असते की चेंबरमध्ये गेल्यावर ऊब लागते.

आम्हाला मुख्य पानावर खरं तर दोनच गोष्टी बघायच्या असतात. पल्प किती खाली आलंय आणि माल आत टाकून किती वेळ झाला. हवेचं तापमान शून्याला आलं म्हणून द्राक्ष गार झालं असं नाही, पेटीच्या आतल्या मण्याला सहा-आठ तास लागतात. पल्प उतरला की पॅलेट स्टोअरमध्ये. तेव्हा टाइलवर हवेपेक्षा पल्पचा आकडा मोठा ठेवा आणि शेजारी घड्याळ.


लॅडरताई_सातपूर

निफाडचे भाऊ, उडीबद्दल मला जे लिहायचं होतं ते तुम्ही लिहिलंत, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मालकांना हाच परिच्छेद वाचून दाखवा.

मी करते ते असं: कॉमन विंडोवर सगळ्यात वर ‘अलार्म बार’ ठेवते. चालू अलार्मची ओळ तिथे सरकत राहते, कुठलंही पान उघडं असो. तळाच्या ओळीतलं अलार्मचं बटण लाल लुकलुकतं. दाबायचं की नाही हे उभा असलेला माणूस ठरवेल. अलार्म दोन जातींचे करा. उच्च दाब, कॉम्प्रेसर ट्रिप, तापमान हद्दीबाहेर, यांना हूटर. दरवाजाला ठरावीक वेळ उघडा राहिला तरच, आणि तो वेळ सेटिंगमध्ये बदलता येऊ द्या.

टाइलबद्दलही ते बरोबर आहेत. मी वर ‘तापमान’ एवढंच लिहून पुढे गेले होते. पल्प मोठा, हवा छोटी, आणि तिसऱ्या ओळीत माल टाकल्यापासूनचे तास-मिनिटं. तो वेळ पीएलसीतच मोजा, पॅनलमध्ये नको. पॅनल बंद करून चालू केलं तरी वेळ चालत राहिला पाहिजे.


अंबडचा_पॅनलवाला

ताई, फार आभार. पीएलसीवाल्याने पट्टे करून दिले. मुख्य पान आणि विंडो २० झाली, जुन्या ११ ते १६ काढून टाकल्या. बाण मस्त चालतात. आर्द्रता एकाच जागी टाकली आणि सहाही ठिकाणी आली, मालकांना वाटलं रात्रभर बसून केलंय. मी काही बोललो नाही.

उडीचं त्यांना निफाडच्या भाऊंचं वाचून दाखवलं. म्हणाले, ठीक आहे, पण हूटर पॅकिंग हॉलमध्येही लावा.

आता तीन गोष्टी अडल्यात. एक, पॅकिंग हॉलमध्ये दुसरं पॅनल लावायचंय, हेच प्रोजेक्ट टाकून. इंजिन रूमवाल्याने चेंबर ५ उघडलं तर हॉलमधल्या पॅनलवरही ५ येईल का? दोन, दोन्ही कोल्ड स्टोअर विंडो २० वरच बसवावीत का? तिथे डिफ्रॉस्ट वेगळा आहे आणि पल्पचा प्रोब नाही. तीन, पुन्हा पुन्हा पॅनलमध्ये डाउनलोड न करता सगळ्या लिंक तपासायची सोय?


लॅडरताई_सातपूर

एक: नाही येणार. एलडब्ल्यू हे पत्ते त्या-त्या पॅनलच्या स्वतःच्या मेमरीतले. दोन पॅनल म्हणजे दोन वेगळे एलडब्ल्यू-९२००. पान कुठलं उघडं आहे, चेंबर कुठलं निवडलंय या गोष्टी पॅनलमध्येच ठेवाव्यात त्या याचसाठी. तुम्ही चेंबरची निवड पीएलसीच्या डी रजिस्टरमध्ये केली असती तर दोघं ऑपरेटर एकमेकांची पानं बदलत बसले असते. हॉलमधल्या पॅनलवरून सेटपॉइंट बदलता येऊ नये असं मला वाटतं, तिथे येणारे-जाणारे फार. तिथे विंडो २० च्या आकडा टाकायच्या जागांना युजर लेव्हल लावा, बघायला सगळ्यांना मोकळं.

दोन: नका बसवू. स्टोअरची वेगळी विंडो २१ करा आणि दोन्ही स्टोअरना तीच, दुसऱ्या इंडेक्सवर, म्हणजे एलडब्ल्यू-९२०१. पट्टे डी-३००० आणि डी-३१००. एकाच पानात दोन जातींच्या खोल्या कोंबल्या की ‘हे असेल तर दाखव, ते असेल तर लपव’ सुरू होतं आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही कुठला बिट काय लपवतोय. स्टोअरमध्ये माल आठवडे राहतो, तिथे शून्याच्या आसपास स्थिर तापमान आणि नव्वदच्या वर आर्द्रता सांभाळायची असते, म्हणून त्या पानावर ट्रेंडच मोठा हवा. चेंबरच्या पानावर ट्रेंड छोटा चालेल, तिथे उतरती रेघ बघून माल कधी काढायचा एवढंच कळायला हवं.

तीन: लिंकसाठी ऑफलाइन सिम्युलेशन पुरेसं आहे, पीएलसी जोडायचीही गरज नाही. आधी कागदावर चौकटी आणि बाण काढा, एकेक बाण सिम्युलेशनमध्ये दाबून त्यावर टिक करत जा. पत्त्यांसाठी ऑनलाइन सिम्युलेशन: लॅपटॉप थेट पीएलसीला जोडून. ते दहा मिनिटांनी आपोआप थांबतं, मग पुन्हा सुरू करायचं, त्यामुळे काय तपासायचं ते आधी लिहून बसा. तपासताना प्रत्येक पट्ट्यात वेगळे आकडे भरा. चेंबर १ च्या सगळ्या रजिस्टरमध्ये ११, १२, १३, चेंबर २ मध्ये २१, २२, २३, याप्रमाणे. बाण दाबला आणि दहाच्या घरचा आकडा सगळीकडे एकदम बदलला नाही, तर ज्याचा बदलला नाही त्या ऑब्जेक्टला इंडेक्सची टिक लावायची राहिलीय. एका नजरेत सापडतो.


डेल्टा_देवळाली

ताई, ही ११-२१ ची युक्ती उचलली. उडीच्या बाबतीत हरलो, पण कॉम्प्रेसर ट्रिपला तरी उडी हवी असं माझं अजून मत आहे.


लॅडरताई_सातपूर

ट्रिपला पॉपअप द्या, पूर्ण पान नको. छोटी विंडो, मधोमध, ‘समजलं’ एवढं एकच बटण. मागचं पान तसंच राहतं. आणि आकडे टाकायचा कीपॅड ज्या जागी उघडतो तिथे तो पॉपअप येणार नाही अशी जागा निवडा.


अंबडचा_पॅनलवाला

केलं. कीपॅड उजवीकडे, पॉपअप डावीकडे. दुसऱ्या पॅनलची केबल सोमवारी ओढतोय. युजर लेव्हलमध्ये काही अडलं तर इथेच विचारतो.